कॅमेरा स्वस्त झाला, पण खरी गाठ सुटली ती दुसरीकडे

कॅमेरे स्वस्त झाले म्हणून व्हिडिओ घरोघरी पोचला, असं म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो; खरी अडचण होती ती व्हिडिओ एकीकडून दुसरीकडे पोचवण्याची. १९९५ साली मिनीडीव्ही (घरगुती कॅमेऱ्यांची छोटी डिजिटल टेप) आलं, तेव्हा चित्र डिजिटल झालं खरं, पण एका तासाच्या टेपचे संगणकावर सुमारे १३ जीबी होत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने आपल्याकडे इंटरनेट खुलं केलं. पुढे फोनच्या तारेवर चालणारे ५६ केबीपीएसचे मोडेम आले; त्यावरून ती टेप उतरवून घ्यायची म्हटली, तर फोन एकदाही न तुटता एकवीस दिवस लागले असते. (आणि फोनचं बिल वेगळं!) आज १०० एमबीपीएसवर तेच काम अठरा मिनिटांत होतं.

शिवाय फाइलही आटली. व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती सुधारत गेल्या: २००३ च्या एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आलं, ते साधारण निम्म्या जागेत तसंच चित्र देतं. पण त्याच्या परवाना शुल्काचा घोळ इतका, की कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही१ ही तशीच, पण विनाशुल्क पद्धत काढली. फाइल अशी आटवण्याचं श्रेय कुणी देत नाही.

आता घरी इंटरनेट घ्यायचं तर तारेचं फायबर घ्यावं, की टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घेणारा छतावरचा ५जी रिसीव्हर, या प्रश्नाबद्दल: फायबर दारात असेल तर डोळे झाकून घ्या. रिसीव्हरवाल्या जोडणीत टॉवरवर गर्दी झाली की वेग पडतो, अपलोड तर बहुधा कमीच असतो. नुसतं बघायचं असेल तर चालेल. स्वतःचे व्हिडिओ चढवणार असाल, तर घेण्याआधी संध्याकाळी शेजाऱ्याकडे अपलोडचा वेग मोजून बघा.