मुरमाड उतारावर आधी चर की आधी झाडं?

प्रश्न: पुरंदरमध्ये कऱ्हेच्या पाणलोटातल्या गायरानावर रविवारी ३ तास श्रमदान ठरतंय, माणसं चाळीसेक. सुरुवात कशाने करावी? रोपं कुठली?

माथा_ते_पायथा: चर आधी, तेही उन्हाळ्यातच आणि माथ्याकडून. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. मुरमात ३ तासांत माणशी दोन-तीन मीटरच होतात, त्यामुळे फार मोठी आखणी नको. समतल रेषा ए-फ्रेमने (मधे ओळंबा टांगलेली ‘A’ आकाराची चौकट) काढा, नजरेने अजिबात नाही. थोडा जरी उतार राहिला तर सगळं पाणी एका टोकाला जमून तिथंच फुटतं, खाली घळ पडते. म्हणून दर ५-६ मीटरवर न खोदलेला आडवा तुकडा ठेवा. माती खालच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून टाका, नाहीतर पहिल्याच पावसात परत चरात.

करंजवन: रोपं दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. खड्डा दीड फूट, चरातून काढलेल्या मातीच्या भरावाच्या बाजूला. उतारावर खैर, कडुनिंब, सीताफळ. ओढ्याकाठी करंज, उंबर, अर्जुन. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) झटपट वाढतं, पण निव्वळ तेच लावू नका. पिशवी फाडताना मुळाचा गोळा फुटू देऊ नका.

माथा_ते_पायथा: आणि चराईबंदी आधी ग्रामसभेत ठरवा. शेळ्या सीताफळाला तोंड लावत नाहीत, बाकी बहुतेक रोपं फस्त करतात.