परसातल्या आंब्याच्या ढोलीत पिंगळे राहायला आलेत, ढोली बुजवू का?

फुलेवाडीची सून
नमस्कार मंडळी. आमच्या परसात जुना आंबा आहे, त्याच्या खोडात वरच्या अंगाला ढोली आहे आणि तिच्यात दोन बारकी घुबडं राहायला आलीत. दिवेलागणीला बाहेर येऊन लाईटच्या तारेवर बसतात आणि आपण बघितलं की मान खालीवर करून आपल्यालाच निरखत राहतात, डोळे पिवळेधमक, वर पांढऱ्या भुवया. मग दोघं मिळून असा कलकलाट करतात की नवीन माणूस दचकतंयच. मला लई आवडतात, पण सासूबाई म्हणतात घराजवळ घुबड नको, आणि शेजारचे काका म्हणतात ढोलीत सिमेंट भरा नाहीतर ती फांदीच उतरवा. घरात लहान पोरगी आहे म्हणून विचारते, हे अंगावर येतात काय? आणि आता आतनं बारीक आवाज यायलाय, पिल्लं असतील का?

रंकाळ्याचा पक्षीवेडा
ताई, सिमेंट अजिबात भरू नका!! हे पिंगळे आहेत, लांबी जेमतेम 21 सेंमी, म्हणजे साळुंकीएवढाच पक्षी. नोव्हेंबर ते एप्रिल यांचा विणीचा हंगाम, मादी साधारण 3-4 अंडी घालते, त्यामुळं आत्ता आतनं आवाज येतोय म्हणजे पिल्लंच असणार, ढोली बुजवली तर ती आत कोंडून मरतील. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, घुबडं पकडणं, मारणं, विकणं सगळं गुन्ह्यात येतं, आणि शहरात झाड तोडायचं तर महापालिकेची परवानगी लागते, हे काकांना सांगा. पोरीला काही करत नाहीत, फक्त शिडी लावून ढोलीत हात घालायला कुणी जाऊ नका.
आणि एक करा, सकाळी झाडाखाली बघा, अंगठ्याच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या पडलेल्या सापडतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेलं ते तोंडानं टाकतात. गोळी पाण्यात भिजवून काडीनं उकलली की भुंगेऱ्यांचे चकचकीत पंख, टोळाच्या तंगड्या, कधी उंदराचा अख्खा जबडा बारीक दातांसकट निघतो. पोरीला दाखवा, नंतर हात साबणानं धुवा.

करवीरचा ऊसवाला
वरच्या दादांचं बरोबर हाय. आमच्या उसात उंदीर किती नुकसान करतंय ते आमचं आम्हाला म्हाईत, बुडातनं कांडी कुरतडली की ऊस आडवाच, म्हणून बांधावरच्या बाभळीवरचं पिंगळं आम्ही कधी हाकलत न्हाई. पण ताई एक सांगतो, घरात उंदराचं औषध ठेवत असाल तर आधी बंद करा. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत न्हाई, दोन-चार दिवस गुंगल्यागत फिरतो, पिंगळ्याला तोच आयता घावतो आणि ते विष त्याच्या पोटात. पिल्लांना भरवला तर पिल्लं बी गेली. पिंजरा लावा, तेवढ्यानं भागतंय.

पेठेतली आज्जी
बाळ, सासूबाईंशी वाद घालू नको. आमच्या लहानपणी पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी दारात यायचा, पिंगळा आपल्याला पुढचं सांगतो म्हणायचा आणि बायका सुपातनं धान्य घालायच्या. त्याला कुणी अशुभ म्हणून हाकललेलं मी बघितलं नाही. आणि घुबड लक्ष्मीचं वाहन मानतात, हे सांग त्यांना, पटेल. बाकी दिवाळीच्या तोंडावर लोक करणी-भानामतीच्या नादानं घुबडं धरतात, जीव घेतात बिचाऱ्यांचा, त्यामुळं फोटो टाकलास तरी घराचा पत्ता कुठं लिहू नकोस गं.

फुलेवाडीची सून
थँक्यू सगळ्यांना. आज्जी, लक्ष्मीचं सांगितल्यावर सासूबाई जरा निवळल्यात. पण आत्ता सकाळीच एक पिल्लू खाली पडलंय!! कापसासारखं पांढरट, डोळे उघडे आहेत, कुंडीच्या मागं बसलंय आणि चोच कटकट वाजवतंय. मांजर फिरतंय इथं. दूध देऊ का??

रंकाळ्याचा पक्षीवेडा
दूध, भात, ब्रेड काही नको, पाणीसुद्धा चोचीत सोडू नका, श्वासात जातं. मांजर कोंडा. पिल्लू रुमालात हलक्या हातानं धरा आणि रक्त नाही, पंख लोंबत नाही एवढं बघा. ठीक असेल तर दादांना शिडी लावायला सांगा आणि ढोलीच्या तोंडाशी सोडा, एवढ्यापुरतं चालतंय, आई-बाप कलकलाट करतील ती काळजी करू नका. ढोली उंच असेल तर दुरडीत वाळका पाला घालून ती खोडाला, पोचेल तेवढ्या उंचीवर, सावलीत घट्ट बांधा आणि पिल्लू आत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकून देत नाहीत, अंधार पडला की आवाजावर येऊन भरवतात. तेवढा वेळ परसातला लाईट बंद, फ्लॅश बंद, सगळे घरात. जखमी असेल किंवा रात्रीत कोणीच आलं नाही तर वनखात्याची हेल्पलाईन आहे 1926, तिकडं फोन करा, खोक्यात घालून घरी पाळायला बसू नका.