गाडीखालचा हिरवा थेंब: तुमचेही अनुभव लिहा

आज सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीखाली कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) हिरवट डाग दिसला. वाकले तर तोच गोडसर वास! बाबांचा जुना पिकअप डोळ्यांपुढे उभा राहिला. तो फक्त गार असताना गळायचा, तापला की बंद. "रात्री रडतो बिचारा," बाबा म्हणायचे आणि रोज तांब्याभर पाणी ओतायचे. आठ महिने!

शेवटी एका रविवारी मीच वरचा होज पाईप (इंजिनातून रेडिएटरकडे कूलंट नेणारी रबरी नळी) दाबून पाहिला. मधे टणक, पण क्लिपजवळ लिबलिबीत, वर पांढरट-हिरवे पोपडे. पाईप लांबीला थोडा सैल होता म्हणून टोकाचा दोन बोटं भाग कापला, पाईप जिच्यावर बसतो ती तोटी पॉलिश पेपरने घासली, नवी क्लिप लावली. पाऊण तासात काम झालं. बाबा दोन दिवस सकाळी खाली वाकून बघत होते.

---
तापल्यावर रबर फुगून क्लिपमध्ये घट्ट बसतं, गार झालं की आकसतं. म्हणून रात्रीचं रडणं. स्प्रिंगची क्लिप स्वतःच आवळत राहते, स्क्रूवाली नाही. आमच्याकडे स्क्रूवाली इतकी आवळली की पाईपच कापला गेला. आवळणारा मीच.

---
गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका रे बाबांनो!! आत साधारण १५ पीएसआय दाब असतो, त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल केलं की क्षणात उकळतं. मनगटावर डाग आहे अजून. कुकर आपण कसा थांबून उघडतो? तसंच.

---
मी दोन होज बदलले. गळती चालूच. निघाला वॉटर पंप (कूलंट फिरवणारा)! त्याच्या खालच्या बारीक भोकातून यायचं आणि पंख्याचा वारा ते होजवर उडवायचा. आधी सगळं पुसून कोरडं करा, मग बघा कुठून येतंय. आमचे हे मात्र अजून म्हणतात "होज बदलायलाच आले होते".

---
अवांतर: दहा नंबरचा पाना सगळ्यांचाच हरवतो का?

---
^ माझा आत्ता बॅटरीच्या खाली सापडला, २ वर्षांनी 😄

---
सांडलेलं लगेच पुसा. गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल त्यांना जीवघेणं विष आहे. आमचं मांजर गेलं. जास्त लिहवत नाही.

---
अरेरे :( वाईट वाटलं.

---
घाईत लिहितोय. पाईप जोडला, कूलंट भरलं, निघालो. दहाव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल रेषेवर आणि हीटरमधून गार हवा! आत हवा अडकलेली. मग पूर्ण गार होऊ दिलं, गाडीचं तोंड चढावर, हीटर फुल्ल, झाकण उघडं ठेवून चालू केलं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर आपोआप उघडणारी झडप) उघडल्यावर बुडबुडे आले आणि पातळी झपकन खाली. पुन्हा भरलं.

---
आणि नुसतं पाणी नको, निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. (तांब्यावाल्या बाबांना नमस्कार सांगा.)

---
चिकटलेला होज स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची तोटी मोडते. ब्लेडने उभा चिरा. बदलायचाच आहे ना तो? हे मला तोटी मोडून नवा रेडिएटर घेतल्यावर कळलं.

---
धागाकर्ती: बाबांना दाखवलं, हसले. दहा नंबरचा पाना त्यांच्याच खिशात होता म्हणे. मघाशी शेजाऱ्यांना डाग दाखवून आले. "एसीचं पाणी असेल," म्हणाले. हिरवं?