शब्दचर्चा : नाकातील ‘संरक्षक प्रथिने’

प्रश्न

सायनसच्या जुनाट विकाराविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी एक माहितीलेख मराठीत लिहीत आहे. नाकाच्या स्रावात असणाऱ्या आणि जंतूंना अटकाव करणाऱ्या प्रथिनांचा उल्लेख त्यात वारंवार येतो. त्यांच्यासाठी मी ‘संरक्षक प्रथिने’ असा शब्द योजला, परंतु मसुदा वाचणाऱ्यांपैकी काहींनी ‘म्हणजे डाळी आणि अंडी जास्त खायची का?’ असे विचारले, तर एकाने ‘प्रतिजैविक प्रथिने’ हा पर्याय सुचवला. यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? तसेच ‘सायनस’ हा शब्द आजाराच्या अर्थाने वापरावा का?

प्रतिसाद १

‘प्रतिजैविक’ हा पर्याय मी बाद करीन. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांसाठी हा शब्द मराठीत पक्का रुजला आहे आणि या विकाराच्या रुग्णांनी त्या गोळ्या बहुधा अनेकदा घेतलेल्या असतात. त्यामुळे शरीरात आपोआप तयार होणाऱ्या पदार्थाला तेच विशेषण लावले, तर वाचक त्यालाही औषध समजेल. ‘सूक्ष्मजीवरोधी प्रथिने’ हा शब्द त्यापेक्षा नेमका आहे, पण आपल्याला ज्यांविषयी लिहायचे आहे ती सारी प्रथिने त्यात बसत नाहीत.

उदाहरणादाखल लायसोझाइम घ्या. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणजे पेनिसिलिनच्या शोधाआधी काही वर्षे, आणि त्याचा पहिला सुगावा त्यांना सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील स्रावातच लागला होता. हे विकर (एन्झाइम) अनेक जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील शर्करांच्या साखळीचा बंध तोडते आणि जीवाणू फुटतो. ‘लायसिस’ म्हणजे विघटन, त्यावरून हे नाव पडले. येथे ‘सूक्ष्मजीवरोधी’ हे विशेषण तंतोतंत लागू पडते. लॅक्टोफेरिन मात्र मुख्यतः वेगळ्या मार्गाने काम करते : ते लोह घट्ट धरून ठेवते, आणि लोहाशिवाय बहुतेक जीवाणूंची वाढ खुंटते. नावात दूध आणि लोह दोन्ही आहेत, कारण ते प्रथम दुधात सापडले. परंतु नाकाच्या अस्तरातील ग्रंथीही ते स्रवतात, हे वाचकाला आवर्जून सांगावे.

याउलट, फुप्फुसांत प्रथम ओळखली गेलेली आणि पुढे नाकातही आढळलेली एसपी-ए आणि एसपी-डी ही प्रथिने जंतूच्या पृष्ठभागावरील शर्करांना चिकटतात व भक्षक पेशींना तो जंतू ओळखणे सोपे करतात. स्रावातील आयजीए हे प्रतिपिंड जंतूला अस्तराला चिकटू देत नाही, तर म्युसिन हे शेंबडाला चिकटपणा देणारे प्रथिन त्याला चिकट थरात अडकवून ठेवते आणि पेशींवरील सूक्ष्म केस तो थर घशाकडे ढकलतात. यांतील प्रत्येकाचे मुख्य काम जंतूला मारणे हे नाही, पण संरक्षण मात्र सारेच करतात. म्हणून संपूर्ण गटासाठी ‘संरक्षक प्रथिने’ आणि त्यातील जंतुनाशक उपगटासाठी ‘सूक्ष्मजीवरोधी प्रथिने’ अशी विभागणी मला योग्य वाटते. डाळी-अंड्यांचा गैरसमज दूर करायला शब्द बदलण्याची गरज नाही. पहिल्याच उल्लेखात ‘नाकाच्या अस्तरातील पेशी आणि ग्रंथी तयार करतात ती’ एवढे शब्द जोडले की पुरे.

प्रतिसाद २

वरील विभागणी मान्य आहे. तरीही ‘संरक्षक’ या विशेषणाबाबत एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. हा शब्द वाचताच ‘जितके जास्त तितके चांगले’ अशी समजूत होते आणि या विकारात नेमके तेच खरे नाही. नाक आणि सायनस यांची लक्षणे १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर विकाराला जुनाट म्हणतात. अशा रुग्णांच्या स्रावांचे आणि ऊतींचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत सर्व प्रथिने एकाच दिशेने सरकलेली दिसत नाहीत. जीवाणूंचा जैवपटल (जीवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर) असलेल्या रुग्णांत लॅक्टोफेरिन घटलेले आढळले आहे. नाकात पॉलिप (अस्तराची मऊ, मांसल वाढ) असलेल्यांच्या ऊतींत प्लंक हे प्रथिन कमी दिसले आहे, आणि सोरायसिन तसेच कॅलप्रोटेक्टिन या संरक्षक प्रथिनांच्या बाबतीतही घट नोंदली गेली आहे. दुसरीकडे एलएल-३७ हे पेप्टाइड (दोन ल्युसीनने सुरू होणारी ३७ अमिनो आम्लांची साखळी, म्हणून हे नाव) काही रुग्णांत वाढलेले आढळते, आणि लायसोझाइमविषयीचे निष्कर्ष तर परस्परांशी जुळतही नाहीत.

म्हणून ‘संरक्षक प्रथिनांची कमतरता’ हा शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावा. ‘कमतरता’ म्हटले की लोहाची किंवा जीवनसत्त्वाची कमतरता आठवते, आणि मग गोळी घेऊन ती भरून काढता येईल असे वाटू लागते. ‘काही प्रथिनांची पातळी घटलेली आढळते’ एवढेच लिहावे. शिवाय ही घट विकाराचे कारण आहे की परिणाम, हे सर्व प्रथिनांबाबत ठरलेले नाही. काही ठिकाणी तरी दाहच ती घडवून आणत असावा, कारण पॉलिप असलेल्या अनेक रुग्णांत वाढणारी इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही संकेतद्रव्ये अशा काही प्रथिनांची निर्मिती दडपतात. तसेच इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतून बाहेर पडणारी प्रथिने परजीवींना जितकी घातक, तितकीच आपल्या अस्तरालाही घातक ठरू शकतात. ‘संरक्षक’ हे प्रथिनाच्या कामाचे वर्णन आहे, ते सदैव हितकारकच असल्याची हमी नव्हे. हा भेद लेखात एका वाक्यात तरी यावा.

प्रतिसाद ३

‘सायनस’विषयी : हे मुळात अवयवाचे, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील हवा भरलेल्या पोकळ्यांचे नाव आहे, आणि परिभाषेत त्यासाठी ‘कोटर’ हा शब्द दिसतो. पण ‘मला सायनस आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी बोलले जाते, आणि त्या वापराला चूक ठरवून वाचकाला अवघडून टाकण्यात अर्थ नाही. पोकळीसाठी ‘सायनस’ आणि आजारासाठी ‘सायनसचा दाह’ असा भेद लेखात सुरुवातीपासून पाळला, म्हणजे वाचकाला तो न सांगताही कळतो.

‘पीनस’ हा आयुर्वेदातील जुना शब्द काहीजण सुचवतील. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाच्या ३१ विकारांची गणना आहे आणि त्यांत अपीनस (पीनसाचेच दुसरे नाव) व प्रतिश्याय (सर्दी) येतात. त्यांची वर्णने अत्यंत वाचनीय असली, तरी आजची निदानपद्धती निराळी असल्याने त्यांतील एखादे नाव आजच्या विकाराला सरळ चिकटवू नये. ‘नाकातले मांस’ हा पॉलिपसाठीचा बोलीतील शब्द मात्र एकदा अवश्य द्यावा, कारण अनेक रुग्णांना तेवढाच ठाऊक असतो. ‘स्राव’ ठीकच आहे, पण एखाद्या ठिकाणी ‘शेंबूड’ लिहायला संकोच नसावा; लायसोझाइम त्यातच असते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘नाकाच्या अस्तरातील पेशी आणि ग्रंथी संरक्षक प्रथिने तयार करतात, सायनसच्या जुनाट दाहात ही प्रथिने कमी होतात व त्यामुळे जंतू वाढतात.’

प्रतिसाद २

पूर्वार्ध उत्तम आहे. उत्तरार्धात ‘ही प्रथिने’ऐवजी ‘यांपैकी काही प्रथिने’ आणि ‘कमी होतात’ऐवजी ‘काही रुग्णांत कमी, तर काही प्रथिने वाढलेली आढळतात’ असे करावे. ‘व त्यामुळे’ काढून टाकावे, आणि जंतूंविषयी स्वतंत्र वाक्य लिहावे : ‘जेथे लॅक्टोफेरिन घटते, तेथे जीवाणूंना जैवपटल करून टिकून राहणे सोपे जात असावे.’ त्यातील ‘असावे’ मात्र संपादकांना गाळू देऊ नका.