मदत हवी आहे: संडे स्कूलसाठी कोणते कॉम्प्युटर घ्यावेत?

सर्वांना सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलसाठी चार-पाच कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. मराठी टायपिंग, वचनांची प्रश्नमंजुषा, नाताळच्या नाटिकेची तयारी, एवढंच काम. पैसा मंडळीच्या अर्पणातला आहे, म्हणून फार जपून खर्च करायचाय.

दुकानदार चौथ्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरचे जुने डेस्कटॉप स्वस्तात देतोय. पण त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. आणि विंडोज १०चा मोफत सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर मुलांना इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डच्या मांडणीत) मराठी टाइप करणं जमेल का? की संख्येने कमी, पण नव्या पिढीचेच घ्यावेत? आमच्याकडे लाइट फार जाते, त्यामुळे जुने लॅपटॉप जास्त बरे पडतील असं मला वाटतं. ज्यांनी मुलांच्या वर्गात हे वापरलंय त्यांनी कृपया सांगा.