गॅलरीत किराईत आणि गुळवेल लावण्याबाबत सल्ला हवा आहे

ठाणेकरीण:
नमस्कार. आमचे घर ठाण्यात चौथ्या मजल्यावर असून पूर्वेकडच्या गॅलरीत सकाळी साडेदहापर्यंतच ऊन येते. राजापूरजवळच्या आजोळी परसात किराईत आपोआप उगवत असे आणि पावसाळ्यात कणकण आली की आजी त्याचा काढा पाजत असे. त्या आठवणीने यंदा किराईत, गुळवेल आणि जमल्यास अडुळसा कुंड्यांत लावायचा विचार आहे. मात्र रोपवाटिकेतून किराईत म्हणून आणलेले रोप तुळशीच्या जातीचे निघाले आणि काष्ठौषधींच्या दुकानात किराईत मागितल्यावर हाती आल्या तपकिरी काड्या. नेमके रोप कसे ओळखावे? शिवाय, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या सासूबाईंना रोज पेलाभर गुळवेलीचे पाणी प्यायचे आहे. ते योग्य ठरेल का?

परसदार:
दुकानदाराने आपल्याला फसवलेले नाही. त्या काड्या म्हणजे काडेकिराईत. ती हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणारी वनस्पती आहे आणि कोकणच्या हवेत ती कुंडीत तगणार नाही. आपल्या आजीचे ते ओले किराईत, ज्याला कालमेघ किंवा भुईनिंब असेही म्हणतात. चौकोनी खोड, मिरचीच्या पानांसारखी निमुळती गडद पाने आणि जांभळी छटा असलेली बारीक पांढरी फुले ही त्याची खूण. तुळशीचे खोडही चौकोनी असते, त्यामुळे गफलत होते. पण चुरगळलेल्या किराईताला तुळशीचा वास मुळीच येत नाही, आणि त्याच बोटांनी नंतर पोळी खाल्लीत तर तीही कडू लागते.

बी फार बारीक असते, म्हणून ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून मेच्या अखेरीस कुंडीत पसरावे आणि वरून मातीचा जेमतेम थर द्यावा. खोल गेलेले बी उगवत नाही. अर्धवट सावली त्याला चालते, तेव्हा आपल्या गॅलरीची काळजी नसावी. साधारण तीन-चार महिन्यांनी फुले येऊ लागली की कडूपणा भरात असतो. त्या वेळी झाड बुंध्यापासून चार बोटे वर कापून सावलीत वाळवावे. एक-दोन झाडे मात्र तशीच ठेवावीत, कारण शेंगा वाळल्या की तडकून बी उडते आणि पुढच्या पावसात शेजारच्या कुंड्यांतूनही किराईत डोके वर काढते. (आमच्याकडे ते आता जास्वंदीच्या कुंडीत राहते, मालकी कोणाची, हा प्रश्न सुटलेला नाही.)

वेलवेडा:
गुळवेलीसाठी बी शोधत बसू नये. अंगठ्याएवढ्या जाडीच्या जून वेलीचा, दोन-तीन पेरे असलेला तुकडा ओल्या मातीत खोचला की पुरे. तोडलेली वेल नुसती टांगून ठेवली तरी तिला सुतासारखी मुळे फुटतात. तिला अमृता का म्हणतात ते तेव्हा कळते. कुंडी निदान चौदा इंची असावी आणि वेल गजांवर चढवावी. हिवाळ्याच्या शेवटी पाने गळाली म्हणून झाड उपटून टाकू नये.

तुकडा घेताना डोळसपणा हवा, कारण गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक जात सर्रास दिली जाते. हृदयाच्या आकाराची पाने दोन्हींना असतात, पण त्या दुसरीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे दाट असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. खऱ्या गुळवेलीला तसा चीक नसतो. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये या दोन वेलींतला फरक सांगणारी सूचना काढली होती. शंका असल्यास वेल शोभेसाठी ठेवावी, पोटात घेऊ नये.

ओसरी:
अडुळशाची फांदी पावसाळ्यात खोचली की लागते. कुंडीत मात्र छाटणी सतत करावी लागते, अन्यथा गॅलरीत तोच राहील आणि आपण घरात. गरोदरपणी तो घेऊ नये.

कडूकारले:
मी आयुर्वेदाची पदवीधर असून दवाखाना चालवते, म्हणून सासूबाईंबद्दल लिहिते. गुळवेल आणि किराईत दोन्ही रक्तातील साखर कमी करू शकतात. गोळ्यांच्या जोडीला ती रोज घेतली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. करोनाच्या काळात महिनोन्महिने गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांच्या निष्कर्षावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वाद झाला, परंतु यकृताचा किंवा संधिवातासारखा रोगप्रतिकारशक्तीशी निगडित आजार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, असे मी माझ्या रुग्णांना सांगते. ‘झाडपाल्याने काय होणार’ हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावे लागते. जे औषध साखर उतरवू शकते, ते जास्त झाले तर अपायही करू शकते.

ठाणेकरीण:
सर्वांचे आभार. सासूबाईंची पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तेव्हा विचारून घेऊ. एक शंका राहिली: घरी गुळवेलसत्त्व काढता येते का? त्याने कडूपणा टळेल, असे त्यांना वाटते.

वेलवेडा:
काढता येते. जून वेल ठेचून रात्रभर पाण्यात भिजवावी, कुस्करून गाळावी आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवावा. परंतु तो मुख्यतः स्टार्च असतो, म्हणूनच फारसा कडू लागत नाही. कडू अंश वर निथळून टाकलेल्या पाण्यात जातो. कुंडीतल्या एका वेलीतून चमचाभरही हाती लागणार नाही, तेव्हा पहिली दोन वर्षे तिला वाढू द्यावे.

परसदार:
किराईताचे बी हवे असल्यास कळवावे. यंदा वाटीभर साठले आहे.