‘कथित’ म्हणजे खोटं का?

रावपुऱ्याची लेक: आमच्या मंडळाच्या अंकात परदेशी गेलेल्या मुलांच्या बातम्यांचं पान माझ्याकडे असतं. मेलबर्नच्या एका इंग्रजी बातमीवरून ‘कथित वंशद्वेषी हल्ला’ असं लिहिलं. प्रूफ बघून एका मावशींचा फोन आला. मार बसला तो त्यांचा भाचा. “कथित काय गं? भुवईवर टाके पडलेत त्याच्या.” मी म्हटलं, पेपरात असंच लिहितात. तर म्हणाल्या, “मग लोक काय समजतात ते बघ.” हा शब्द खरंच संशय घेतो का? घेत असेल तर दुसरा कुठला वापरू? अंक शुक्रवारी छापायला जातोय.

सुरसागर: कथ् धातू. कथा, कथन, कथित. सांगितलेलं, एवढंच. संशय आहे तो ‘तथाकथित’मध्ये. ‘तथाकथित पुढारी’ म्हटलं की बोलणाऱ्याचं मुरडलेलं नाक दिसतं. लोक दोन्हींची गल्लत करतात, त्यात ‘कथित’चा काय दोष?

मांडवीचा: धातू घेऊन काय करू? ‘कथा रचतोय’ असंच म्हणतो ना आपण? घरातला शब्द आहे की, ‘म्हणे’. ‘त्याला मारलं म्हणे.’ झालं काम.

सुरसागर: ‘सून फार शिकलेली आहे म्हणे.’ ही स्तुती वाटली का तुम्हाला?

कोर्टाच्या पायऱ्या: कायद्याच्या मराठीत ‘अभिकथित’ आहे. निर्णय होईपर्यंत कुणाचीच बाजू न घेणारा शब्द.

मांडवीचा: आधी टाके, वर अभिकथित. मावशींनी सोसायचं तरी किती!

जुना प्रेक्षक: बडोदेकरांनी या विषयावर जरा जपून बोलावं. ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकदिवसीय सामना. त्यांचा खेळाडू सायमंड्स सीमारेषेजवळ आला की माकडाचे आवाज काढतात अशी तक्रार झाली. आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया काय? छे, असं काही नाहीच. कुणी म्हणालं, ती तर देवाची आळवणी. तेव्हा आपल्याला ‘कथित’ फार गोड लागत होता. पुढे मुंबईत तसेच हावभाव करणाऱ्यांना मैदानातून उचललं, तेव्हा सारवासारव थांबली. मी स्वतः होतो मोतीबागेत. आमच्या बाजूला आवाज झाले, मी कानांनी ऐकलेत.

सुरसागर: मोतीबागेत? सामना आयपीसीएलच्या मैदानावर होता.

जुना प्रेक्षक: बरोबर, आयपीसीएल. मोतीबागेत आधी कितीतरी सामने पाहिलेत, तोंडात तेच बसलंय. आवाज मात्र ऐकले.

मांडवीचा: तुमच्या आठवणीला आता ‘कथित’ लावायचं का काका?

तळटीप: काकांना सोडा. पुढचं प्रकरण तर निव्वळ शब्दचर्चाच होतं. जानेवारी २००८, सिडनी. हरभजन सायमंड्सला ‘मंकी’ म्हणाला की उत्तरेकडची आईवरची शिवी दिली? ‘माँ की’ आणि ‘मंकी’ यांत अंतर ते किती! आधी तीन कसोट्यांची बंदी. अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांनी वंशद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून ती उठवली आणि शिवीगाळीसाठी निम्मं मानधन दंड केला. म्हणजे बोलाचाली झाली हे खरं, शब्द कोणता ते सिद्ध नाही.

२०२१ला पुन्हा सिडनी. सिराजची तक्रार, सहा प्रेक्षक बाहेर. चौकशीअंती ऑस्ट्रेलियाच्या मंडळानं मान्य केलं की भारतीय खेळाडूंना वंशद्वेषी शेरे ऐकावे लागले. पण ते शेरे त्या सहा जणांचे नव्हते. इथे घटनेला ‘कथित’ लावलंत तर सिराजवर अन्याय, आणि त्या सहा जणांना सरळ ‘दोषी’ लिहिलंत तर त्यांच्यावर.

ताई, तुमच्या वाक्यात ‘कथित’ कुणाला चिकटलाय ते बघा. टाके पडलेत, म्हणजे हल्ला झाला. का झाला हे कुणीतरी सांगतंय. मग ‘हल्ला झाला, तो वंशद्वेषातून झाल्याचं त्याचं म्हणणं आहे’ असं फोडून लिहा. विशेषण आधी ठेवलं की ते सगळ्यावर पसरतं.

सुरसागर: लिहा, पण ‘वंशद्वेष’ नको. वंश म्हणजे कुळ, वंशाचा दिवा वगैरे. मराठीत ‘वर्णद्वेष’ रुळलाय.

कोर्टाच्या पायऱ्या: वर्ण म्हटलं की आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवतं. शिवाय मार खाणारा पोरगा मारणाऱ्याइतकाच गोरा असेल तर?

सुरसागर: सयाजीरावांनी १९३१मध्ये शासनशब्दकल्पतरू हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढला तो याचसाठी. आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी ठेवून मग निवड. आता पेपरवाले हिंदीतून उचलतात आणि आपण त्यांच्यामागे.

मांडवीचा: कल्पतरूत फारसीही आहे, हे शुद्धिवाल्यांनी लक्षात ठेवावं. आणि ‘पेपरवाले’तला ‘वाले’ कुठून उचललात?

सुरसागर: ‘वाला’ बोलीत चालतो. मुद्रित मजकुराची गोष्ट वेगळी.

जुना प्रेक्षक: लग्नाच्या स्थळांत ‘वर्ण गोरा’ छापतात, तो मुद्रितच ना?

रावपुऱ्याची लेक: माझा शुक्रवार उद्यावर आला हो. तळटीप यांचं वाक्य घेतलं, शब्द ‘वंशद्वेष’च ठेवला. मावशींना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “‘त्याचं म्हणणं आहे’ कसं? तो तर अजून एक शब्द बोललेला नाही. ते मी म्हणाले तुला.”

सुरसागर: ‘वर्णद्वेष’ करा अजून, वेळ आहे.